दुखरी पाठ आणि घरचा हात

चिंचवड, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत आठ-दहा तास उभ्याने काम करणारा माणूस घरी येतो तो कंबर धरूनच. चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या बाईचे खांदे आणि मनगटे भरून आलेली असतात. आनंदनगर असो की मोहननगर, वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, पाठीला काय लावू?" त्याच्यामागून दुसरा : "नेहमी मालीश केली तर कायमचा फरक पडतो का?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या पानावर देत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे साधारण तेरा माणसांत एकाला. यातल्या दहापैकी नऊ जणांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार सापडत नाही. स्नायू थकतात, आखडतात, झोप पुरी होत नाही, डोक्याला काळजी असते आणि दुखणे मुरत जाते. मालीश उपयोगी पडते ती अशा दुखण्यात.

किती उपयोगी पडते? अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे मालीश मिळाली. बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. दहा आठवड्यांनी मालीशवाल्यांचे दुखणे कमी झाले होते आणि रोजची कामे सोपी झाली होती. हा फरक सहा महिन्यांपर्यंत टिकला. वर्ष झाल्यावर मात्र तो थोडाच उरला. आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्यात दोन प्रकारची मालीश होती : एक दुखरी जागा शोधून केलेली, दुसरी साधी, अंग सैल करणारी. दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच आला. म्हणजे साध्या, हळुवार हातालाही किंमत आहे. पण मालीश थांबली की फायदा हळूहळू ओसरतो, हेही त्यातून दिसले.

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढले. त्यातही व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीला मालीशचे नाव आहे. जोडीला, हा शब्द विसरू नका. चोळल्याने आखडलेले स्नायू सैल होतात, मन शांत होते, झोप लागते. दुखणे कमी झाले की माणूस न घाबरता वाकतो, चालतो. ती हालचाल पाठीला बळ देते. मालीश करून दिवसभर पडून राहिले तर निम्मा फायदा वाया गेला.

मालीशने काय होत नाही, तेही सांगतो. मणक्यातली 'गॅप' भरत नाही, सरकलेली चकती जागेवर बसत नाही, चरबी वितळत नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ लावून घेण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय त्या पायाला मिळते. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर पोराला चालायला लावणे तर धोक्याचे आहे. ठिसूळ झालेला मणका त्याने मोडू शकतो.

घरी मालीश अशी करा. चटईवर पालथे झोपवा, पोटाखाली पातळ उशी ठेवा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चालते. तेलाचे काम हात सरकवण्याचे, त्यासाठी महागडी बाटली नको. तेल कोमटच हवे, आधी स्वतःच्या मनगटावर पाहा. मणक्याच्या हाडावर दाब देऊ नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने कंबरेपासून खांद्यापर्यंत सावकाश वर जा, मग खांदे आणि मान. पंधरा-वीस मिनिटे पुरे. समोरच्याने श्वास रोखला किंवा अंग चोरले की दाब कमी करा. आठवड्यातून एक वार ठरवा आणि तो मोडू नका. चाकणला खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलांनी पाठ आणि भिंत यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून हळूहळू फिरवावा. त्यानेही बरे वाटते. नंतर गुडघे पोटाशी घेण्याचा व्यायाम आणि थोडे चालणे प्रत्येकाने करावे.

कधी चोळू नये हे जास्त महत्त्वाचे. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर हात लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, ताजी जखम, मोडलेले हाड यांवर मालीश नको. गरोदर बाईचे पोट चोळू नये. मधुमेह्याच्या बधिर पायांना गरम तेल लावू नये, भाजलेले त्याला कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लाल झालेली माकडहाडाची जागा रगडू नका. नर्सिंगमध्ये पूर्वी तिथे स्पिरिट चोळायला शिकवत, आता नको म्हणतात, कारण आतली कातडी आणखी दुखावते. कूस बदलत राहणे हाच तिथला उपाय.

पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणे, जांघेच्या मध्ये बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्रीचे दुखणे, बारीक ताप आणि वजन उतरणे असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्या. पिंपरीचे महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे, मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. पगारातून विम्याचे पैसे कापले जात असतील तर कंत्राटी कामगाराचाही तिथे हक्क आहे. पगाराची चिठ्ठी पाहा, विमा क्रमांक मागून घ्या. मेडिकलमधून रोज दुखण्याची गोळी आणून गिळणे थांबवा. त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात जखम होते आणि मूत्रपिंड बिघडते.

शेवटी, हात कोणाचा आणि पाठ कोणाची? गावात न्हावी आपल्या माणसांच्या अंगाला हात लावत नव्हता. बाबासाहेबांचे केस लहानपणी साताऱ्यात त्यांची थोरली बहीण कापत असे. स्पर्श ही किती मोठी गोष्ट आहे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग आपल्याच घरात तो एका बाजूनेच का वाहावा? नवऱ्याचे पाय चेपले जातात, सासूचे गुडघे चोळले जातात, बाळाला रोज तेल लागते. बाळंतपणाचा महिना-सव्वा महिना सोडला तर बाईच्या पाठीला कोणाचा हात लागतो? तीही कामावरूनच आलेली असते. घरात पाळी लावा. पुरुषांनी, कळत्या मुलामुलींनी शिकून घ्या. यायला काही अवघड नाही, पैसा लागत नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी सुरुवात करा, आणि पहिला नंबर घरात सगळ्यांच्या शेवटी झोपणारीचा लावा.