अथैया, भानू
(२८ एप्रिल १९२९–१५ ऑक्टोबर २०२०). भारतीय चित्रकर्त्री व चित्रपटांच्या वेशभूषाकार. पूर्वाश्रमीच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म कोल्हापूर येथे. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ मधील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. पुढे महिलांच्या नियतकालिकांसाठी वेशांची रेखाटने करता करता त्या चित्रपटांकडे वळल्या. सी. आय. डी. (१९५६) हा त्यांचा आरंभीचा चित्रपट. त्यामुळे एक चित्रकर्त्री हरवली, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. आम्रपालीसाठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासली, ती चित्रकाराच्याच दृष्टीने. गांधी (१९८२) या चित्रपटात १८९३ पासून १९४८ पर्यंतचा काळ येतो. बॅरिस्टरचा पाश्चात्त्य पोशाख टाकून नायक क्रमाने जाड्याभरड्या पंचापर्यंत येतो. हे स्थित्यंतर संवादांइतकेच वस्त्रांतून उलगडते. या कामगिरीबद्दल जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर पारितोषिक लाभले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. लेकिन व लगान या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. ऑस्करची बाहुली सुरक्षित राहावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती अकादमीकडेच परत सोपविली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.