स्वप्नातली जाग

दुर्गहून नागपूरच्या दिशेने निघालेली आगगाडी थोड्याच वेळात रसमड्याच्या लहानशा स्थानकावरून जाते. एका बाजूस भाताची शेते आणि दुसऱ्या बाजूस पोलादाचे कारखाने, असा हा छत्तीसगढचा मुलूख आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसाचा या प्रांताशी संबंध आहे. शेजारच्या भिलाईत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून या भागातील हजारो घरांची झोप सूर्याच्या उदयास्तावर न राहता कारखान्याच्या पाळीवर अवलंबून राहू लागली.

अशा एखाद्या घरातील कामगाराची कल्पना करावी. रात्रपाळी करून तो सकाळी घरी येतो, खिडकीवर जाड पडदा ओढतो आणि झोपी जातो. झोपेत त्याला दिसते की, पाळीची वेळ होऊन गेली आहे, तो कारखान्याच्या फाटकापाशी उभा आहे आणि खिशात बिल्ला नाही. तो धावत घरी परततो, तर घराच्या जागी रेल्वेचा फलाट! फलाटावर त्याचे कैलासवासी वडील शांतपणे चहा घेत बसलेले असतात. या सर्व विपरीत गोष्टींचे त्याला तिळमात्र आश्चर्य वाटत नाही. परंतु एखाद्या दिवशी, वडिलांना पाहताच, त्याच्या मनात विचार चमकून जातो : ‘बाबा तर आता नाहीत, तेव्हा हे स्वप्न असले पाहिजे.’ झोप मोडत नाही, स्वप्नही चालू राहते, आणि तरीही स्वप्न पाहणारा त्या स्वप्नात जागा होतो. या अवस्थेला सजग स्वप्न म्हणता येईल. ती अनेकांना आयुष्यात एखाद्या वेळी आपोआप येते. प्रयत्नाने ती आणता येते काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न जुनाच आहे. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न व सुषुप्ती या अवस्थांचा विचार करून त्यांच्या पलीकडील चौथीचा निर्देश केला. पतंजलींनी चित्त स्थिर करण्याच्या आलंबनांत स्वप्नात व निद्रेत होणाऱ्या ज्ञानाचीही गणना केली. तिबेटी बौद्ध साधकांनी तर स्वप्नयोगाची स्वतंत्र परंपराच जोपासली. झोपलेल्या माणसाला पुष्कळदा आतून कोणीतरी ‘हे स्वप्न आहे’ असे सांगते, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही नमूद केले आहे. युरोपात या अवस्थेला आज रूढ असलेले नाव १९१३ साली डच लेखक व वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांच्या निबंधामुळे प्रचारात आले.

तथापि, झोपलेला माणूस खरोखरच झोपेत सजग होता, की जागे झाल्यावर त्याला तसे वाटले, याचा निवाडा होत नव्हता. त्याची वाट १९५३ साली मोकळी झाली. शिकागो येथे अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक अंतराने एक टप्पा येतो; त्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, आणि त्या वेळी उठवले असता माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या टप्प्यात हातापायांचे स्नायू शिथिल होऊन निश्चल राहतात. डोळे मात्र मोकळे असतात. याच मोकळिकीचा उपयोग इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये केला. स्वप्नात सजग झाल्यावर डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे फिरवायचे, असा संकेत त्यांनी अ‍ॅलन वर्स्ली यांच्याशी केला होता. आणि तो संकेत झोपलेल्या वर्स्लींकडून यंत्रावर उमटला. अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे असेच प्रयोग करून १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे २०२१ साली चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्नच विचारले. आठातून सहा वजा केल्यास किती, या प्रश्नाला एकाने स्वप्नातून डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले!

मग ही जाग येते कशी? तिचे मर्म स्मरणात आहे. स्वप्नात आपण पाहतो, बोलतो, भितो, युक्तिवादही करतो. फक्त आपण झोपलो आहोत एवढेच विसरलेलो असतो. तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाची हकीकत सांगताना एक बारीकशी गोष्ट नोंदवली आहे. स्वप्नात भेटलेल्या सद्गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, पण स्वप्नामध्ये त्याचा विसर पडला. भक्त त्या विसरात आपली खंत वाचतो; स्वप्नाचा अभ्यासक त्यात स्वप्नाचा स्वभावही पाहील.

म्हणून नवशिक्याने आरंभ स्मरणापासूनच करावा. उशाशी वही व पेन्सिल ठेवावी. जाग येताच हालचाल न करता क्षणभर पडून राहावे आणि हाती लागेल तेवढे स्वप्न लिहून काढावे. पहिले काही दिवस एखादा चेहरा किंवा नुसती भीतीच हाती येते. पुढे नोंदी भरू लागतात. काही आठवड्यांनी वही वाचली म्हणजे त्याच त्या खुणा पुन्हा पुन्हा भेटतात : हरवलेला बिल्ला, सुटलेली गाडी, दिवंगत वडील. प्रत्येकाच्या खुणा निराळ्या असतात, आणि त्याच त्याच्या वाटेवरील मैलाचे दगड होत.

दुसरी पायरी दिवसाची आहे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीवरच ती उभी आहे. दिवसातून काही वेळा थांबून मनापासून विचारावे : ‘हे स्वप्न तर नव्हे?’ एखादी पाटी वाचून नजर वळवावी आणि पुन्हा वाचावी. स्वप्नात अक्षरे बहुधा पालटतात. किंवा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात तो पुष्कळदा घेता येतो. प्रश्न यांत्रिकपणे विचारला तर स्वप्नातही तो यांत्रिकच येतो आणि उत्तर चुकते. खिसा चाचपताना बिल्ला सापडला नाही की हा प्रश्न विचारायचा, अशी सवय त्या कामगाराने लावली, तर केव्हातरी स्वप्नातील फाटकापाशीही तो प्रश्न उठेल.

तिसरी पायरी संकल्पाची. डोळे वेगाने हलण्याचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. त्या सुमारास जाग आली, तर नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, त्यातील खूण ओळखून आपण सजग झालो आहोत असे चित्र मनात रंगवावे, आणि ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे याची आठवण ठेवीन’ असा निश्चय करून झोपावे. यश आले तरी पहिल्या आनंदाच्या उसळीने बहुधा जागच येते. अशा वेळी स्वप्नातील हात एकमेकांवर चोळावेत, भिंतीला स्पर्श करावा आणि मन शांत ठेवावे, असे जाणकार सांगतात.

येथेच एक गंभीर इशारा द्यावयास हवा. पुष्कळ पुस्तके पहाटे मुद्दाम गजर लावून उठावयास सांगतात. ज्याची रात्र अखंड आहे त्याला हे एखादे दिवशी परवडेल. रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप मुळातच आखूड व तुटक असते. ती आणखी मोडून मिळवलेली सजगता संध्याकाळी डुलकीच्या रूपाने वसूल होते. आणि तप्त लोखंडाजवळ, क्रेनखाली किंवा मालगाडीच्या रुळांपाशी डुलकीची किंमत जबर असते. त्याने वही आणि दिवसाचा प्रश्न एवढ्यावरच राहावे, आणि संकल्प नैसर्गिकपणे जाग येईल तेव्हाच करावा. कधी जाग येऊनही अंग हलवता येत नाही आणि छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. तो भुताचा खेळ नसून शिथिल स्नायूंची अवस्था क्षणभर लांबलेली असते. ती आपोआप ओसरते. ज्यांना मनोविकारामुळे भास होतात, त्यांनी मात्र वैद्यांना विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

इतक्या कष्टांनी मिळते काय? आकाशात उडण्याची मौज मिळते, ती लहान मुलालाही कळेल. परंतु अपघात पाहिलेल्या माणसाला तेच भयंकर स्वप्न वारंवार छळत असेल, तर ‘हे स्वप्न आहे’ एवढे आठवल्याने त्याचे पाय धावायचे थांबू शकतात. दुःस्वप्नांच्या उपचारात काही तज्ज्ञ या विद्येचा उपयोग करतात तो यासाठीच. आणि कोणाला फलाटावर बसलेले वडील भेटतील. ते खरे नाहीत हे त्याला ठाऊक असेल. तरीही गाडी सुटण्याच्या घाईत त्यांच्याजवळून धावत न जाता तो घटकाभर शेजारी बसू शकेल.