रॉकेट, वर्गणी आणि पीनट बटर

जुलै १९३९. न्यूयॉर्कच्या कॅरव्हान हॉलमध्ये साधारण दोनशे माणसं जमली होती. बरीचशी पोरसवदा, खिसे रिकामे, डोक्यात मंगळ आणि रॉकेटं. विज्ञानकथांची स्वस्तातली मासिकं वाचायची आणि मासिकात छापलेल्या पत्त्यांवर एकमेकांना पत्रं लिहायची, हा त्यांचा उद्योग. ही पत्रमित्रमंडळी तीन दिवस एका छताखाली आली आणि जगातलं पहिलं ‘वर्ल्डकॉन’ पार पडलं. शहरात त्याच वेळी ‘उद्याचं जग’ या कल्पनेवर जागतिक प्रदर्शन चालू होतं, म्हणून मेळाव्याच्या नावातही ‘वर्ल्ड’ आलं. आज विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांची अशी संमेलनं जगभर भरतात, त्यांना लाडानं नुसतं ‘कॉन’ म्हणतात. त्यांच्या इतिहासात इतक्या मजेदार गोष्टी दडल्या आहेत की कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न पडतो. तर खुर्च्यांवर कोण बसलं होतं, तिथून करू.

उधारीवर आलेला पोरगा

एका खुर्चीवर १९ वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह होता. दुसरीवर १८ वर्षांचा रे ब्रॅडबरी. हा लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारा मुलगा. न्यूयॉर्कला जायला पैसे कुठले? फॉरेस्ट अ‍ॅकरमन या मित्रानं उसने दिले आणि ब्रॅडबरी बसनं अख्खी अमेरिका ओलांडून आला. येताना हॅनस बोक या आपल्या चित्रकार मित्राची चित्रं काखोटीला मारून आणली आणि संपादकांना दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरच्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर बोकचं चित्र झळकलं. पुढे १९५३ मध्ये वर्ल्डकॉनचा उत्कृष्ट मुखपृष्ठ-चित्रकाराचा पहिलावहिला ह्यूगो पुरस्कार त्याला एड एम्शविलरबरोबर विभागून मिळाला. स्वतः उधारीवर प्रवास करणारा मुलगा दुसऱ्याची वशिलेबाजी करतोय! कॉन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते.

उसने पैसे देणारा अ‍ॅकरमनही तिथे होता, आणि कसा? खांद्यावर झूल, अंगात भविष्यातल्या माणसाचा पोशाख. सोबत तशाच वेशात मर्टल डग्लस. दोन्ही पोशाख तिनंच तयार केले होते, फ्रँक आर. पॉल यांची चित्रं आणि ‘थिंग्ज टू कम’ हा १९३६ चा सिनेमा डोळ्यांपुढे ठेवून. हे पॉल म्हणजेच त्या संमेलनाचे सन्माननीय पाहुणे. आपण कागदावर काढलेली माणसं आपल्यासमोर चालताहेत, हे पाहायचं भाग्य किती चित्रकारांना मिळतं? आज आवडत्या पात्रांचे वेश घेऊन कॉस्प्ले करणारी लाखो मुलं आहेत, त्यांची आजी म्हणून मर्टलबाईंचं नाव घ्यायला हवं. दुर्दैवानं बरीच वर्षं फोटोखाली फक्त अ‍ॅकरमनचं नाव गाजलं. वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम दुसऱ्याच वर्षी, १९४० च्या शिकागो वर्ल्डकॉनमध्ये सुरू झाला.

भांडणंही पहिल्या दिवसापासूनची. ‘फ्युचरियन्स’ नावाच्या गटातल्या सहा जणांना आयोजकांनी दारातूनच परत पाठवलं. गटबाजी आणि राजकीय मतभेद, दुसरं काय! त्या सहांमधले डोनाल्ड वॉलहाइम पुढे अमेरिकेतले मोठे विज्ञानकथा-प्रकाशक झाले, तर फ्रेडरिक पोल यांनी संपादक म्हणूनही ह्यूगो मिळवला आणि लेखक म्हणूनही.

आणि सगळ्यात पहिली कॉन कुठली, यावर अजून वाद आहे. १९३६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे काही चाहते फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना भेटायला गेले, ती पहिली, असं अमेरिकन म्हणतात. ब्रिटिश म्हणतात, ती नुसती गाठभेट. जाहीर करून, ठरवून भरलेली पहिली कॉन लीड्सची, ३ जानेवारी १९३७ ची. तिथे वीसेक माणसं होती, पण त्यात १९ वर्षांचा आर्थर सी. क्लार्क होता. माझं मत लीड्सच्या बाजूनं.

रॉकेट घडवता घडवता

ह्यूगो पुरस्कार वर्ल्डकॉनमध्ये दिले जातात. नाव ह्यूगो गर्न्सबॅक यांचं. १९२६ मध्ये त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. पहिले पुरस्कार १९५३ मध्ये फिलाडेल्फियात दिले गेले. सन्मानचिन्ह म्हणून चकचकीत धातूचं उभं रॉकेट द्यायचं ठरलं, पण ते घडवणार कोण? जॅक मॅकनाइट या चाहत्यानं काम अंगावर घेतलं आणि रॉकेटं घडवण्याच्या नादात त्याची स्वतःची कॉन बरीचशी हुकली. त्यानंतर एक छान प्रथा पडली. रॉकेटचा आकार कायम, पण खालची बैठक दर वर्षी नवी, यजमान शहरानं आपल्या मनानं घडवलेली.

पुरस्कार ठरवायला परीक्षक मंडळ नाही. संमेलनाचे सभासद मतदान करतात, पसंतीक्रम लावून. आणि मतपत्रिकेवर दर विभागात एक पर्याय छापलेला असतो : ‘कुणालाच नको’. हा पर्याय शोभेचा नाही. २०१५ मध्ये एका गटानं ठरवून आपल्याच याद्या नामांकनात घुसवल्या, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत सरळ ‘कुणालाच नको’ला जिंकवलं. त्याच वर्षी चीनच्या ल्यू त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ सर्वोत्कृष्ट कादंबरी ठरली. अनुवादित कादंबरीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पाठोपाठ २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो एन. के. जेमिसिन यांच्याकडे गेला. असं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

सगळं गोडगोड नाही. २०२३ च्या चेंगडू वर्ल्डकॉनमध्ये आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबेल’सारख्या काही कृती कारण न देता अपात्र ठरवल्या गेल्या. चाहत्यांनी आकडे ताडून पाहिले, प्रश्न विचारले, प्रकरण उघडकीला आणलं, आणि संबंधितांना पदं सोडावी लागली. मतदान आपलं आहे असं मानणारी माणसं होती, म्हणून हे झालं.

हरलेल्यांचं काय? १९७६ मध्ये कॅन्सस सिटीत जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि गार्डनर डोझॉय यांनी हॉटेलच्या खोलीत ह्यूगो हुकलेल्यांची पार्टी केली. मार्टिन म्हणजे पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ लिहिणारे तेच. ती पार्टी पुढे परंपराच बनली.

वर्गणी काढून माणूस आणला

वॉल्ट विलिस हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा चाहता. घरी मासिक काढायचा आणि इतकं फर्मास लिहायचा की अटलांटिकपलीकडचे वाचक त्याच्या प्रेमात पडले. याला एकदा भेटायचंच, असं फ्लोरिडाच्या शेल्बी विकनं मनावर घेतलं, वर्गणी गोळा केली आणि १९५२ च्या शिकागो वर्ल्डकॉनला विलिसला बोलावून घेतलं. हा प्रयोग सगळ्यांना एवढा भावला की दुसऱ्याच वर्षी कायमचा निधी उभा राहिला. एकदा युरोपातला चाहता अमेरिकेला, एकदा अमेरिकेतला युरोपात. कुणाला पाठवायचं ते चाहते मतदानानं ठरवतात. जाऊन आलेल्यानं प्रवासवर्णन लिहायचं आणि पुढच्यासाठी वर्गणीही गोळा करायची. १९७२ पासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठीही असाच निधी आहे. लेखकाला, नटाला बोलावणारे पुष्कळ. आपल्यासारख्याच एका वाचकाला समुद्रापलीकडून आणण्यासाठी पदरचे पैसे मोडणारी ही मंडळी मला फार आवडतात.

वर्ल्डकॉनचं सगळंच गाडं असं चालतं. कायमचं कार्यालय नाही, पगारी अध्यक्ष नाही. दारावर बिल्ले वाटणाऱ्यापासून प्रमुखापर्यंत सगळे स्वयंसेवक. तिकीट काढत नाहीत, सभासद होतात. बहुतेक लेखकसुद्धा पैसे भरूनच आत येतात. दोन वर्षांनी संमेलन कुठे भरवायचं तेही सभासद मत देऊन ठरवतात. आपल्या साहित्य संमेलनाला गेलेल्या माणसाला हे वातावरण ओळखीचं वाटेल : ठराव, पोटनियम, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चर्चा आणि पुस्तकांच्या दालनात हलका होणारा खिसा.

रक्तदान शिबिरसुद्धा असतं! रॉबर्ट हाइनलाइन १९४१, १९६१ आणि १९७६ असे तीनदा वर्ल्डकॉनचे सन्माननीय पाहुणे होते. १९७६ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की सही हवी तर आधी रक्तदान करा. चाहते रांगा लावून उभे राहिले, आणि त्यांच्या नावानं कॉनमध्ये रक्तदान घेण्याचा प्रघात पडला.

पीनट बटर आणि गालिचा

१९७२, लॉस एंजेलिस. वेशभूषेच्या कार्यक्रमात स्कॉट शॉ नावाच्या तरुण व्यंगचित्रकारानं एका कॉमिकमधलं गलिच्छ पात्र हुबेहूब उभं करायचं म्हणून अंगाला पीनट बटर थापलं. दिव्यांच्या उष्णतेनं ते वितळलं, आंबूस वास सुटला आणि शेजाऱ्यांच्या महिनोन्‌महिने खपून शिवलेल्या कपड्यांना लागलं. तेव्हापासून कॉस्च्युमच्या नियमावल्यांत ‘पीनट बटर नको’ हे कलम ठाण मांडून बसलं आहे.

अटलांटात १९८७ पासून ‘ड्रॅगन कॉन’ भरते. तिथल्या एका हॉटेलचा जुना गालिचा भलताच भडक नक्षीचा. २०१३ मध्ये दोन बहाद्दरांनी नेमक्या त्या नक्षीचं कापड छापून घेतलं, त्याचे लष्करी गणवेश शिवले आणि गालिच्यावर आडवे पडून दिसेनासे झाले! फोटो जगभर फिरले. मग लोक ते कापड मागू लागले, तेव्हा गालिच्याच्या कंपनीनं नक्षी आमची आहे म्हणून वकिलाची नोटीस धाडली.

हे पोशाख बनतात कसे, ते जवळून पाहण्यासारखं असतं. दुरून पोलादी दिसणारं चिलखत असतं फोमचं. कागदावर बेत काढायचा, फोमची शीट धारदार कटरनं तिरकी कापायची, हीट गननं गरम करून गुडघ्यावर दाबत गोलाई आणायची, गोंदानं सांधे जुळवायचे, वर दोन-तीन हात रंग, आणि शेवटी कडांवर चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवायचा, म्हणजे धातू झिजल्यासारखा दिसतो. एवढं करून लिफ्टच्या दारात पंख अडकतो. म्हणून मोठ्या कॉनमध्ये दुरुस्तीचं टेबल मांडलेलं असतं : सुईदोरा, सेफ्टी पिना, ग्लू गन, आणि अनोळखी माणसाचा तुटलेला पंख मांडीवर घेऊन चिकटवत बसलेलं कुणीतरी.

आधी इथे, मग जगात

सप्टेंबर १९६६. क्लीव्हलंडच्या वर्ल्डकॉनमध्ये जीन रॉडेनबेरी एका नव्या मालिकेची फिल्म घेऊन आले. ती ‘स्टार ट्रेक’ होती, आणि टीव्हीवर यायला अजून काही दिवस बाकी होते. दहा वर्षांनी कॅन्सस सिटीत एका अनोळखी सिनेमाच्या वस्तू मांडल्या होत्या आणि त्याचा तरुण नायक मार्क हॅमिल चाहत्यांशी गप्पा मारत होता. तो सिनेमा १९७७ मध्ये आला : ‘स्टार वॉर्स’.

पण माझी सर्वांत आवडती गोष्ट ओसाकाची. १९८१ च्या जपानी राष्ट्रीय संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी काही कॉलेजकुमारांनी हातानं चित्रं काढून छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म केली. पाठीवर दप्तर घेतलेली एक चिमुरडी हातातला पाण्याचा पेला सांभाळत राक्षसांशी, रोबोंशी लढते आणि शेवटी ते पाणी सुकत चाललेल्या मुळ्याला घालते. मुळा टरारून फुगतो आणि अवकाशयान होतो! या पोरांत हिदेआकी आन्नो होता. १९८३ मध्ये त्यांनी आणखी देखणी फिल्म केली, १९८४ मध्ये ‘गायनॅक्स’ स्टुडिओ उभा राहिला आणि १९९५ मध्ये आन्नोनं ‘इव्हँगेलियन’ ही अ‍ॅनिमेशन मालिका केली. तोक्योचं ‘कॉमिकेट’ही असंच. १९७५ मध्ये ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं. आता वर्षातून दोनदा तिथे लाखोंनी लोक येतात, स्वतः छापलेली कॉमिक्स विकायला आणि घ्यायला.

आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीत ‘कॉमिक कॉन इंडिया’ सुरू झालं आणि मुंबईतही पोहोचलं. पण चाहत्याला लेखक करण्याचं काम मराठीत त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या अनोळखी लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचा : ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! नाव पाहून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून हा खटाटोप. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून कथा उतरवून काढली ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल हेही ‘द ब्लॅक क्लाउड’ या गाजलेल्या विज्ञानकादंबरीचे लेखक. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं.

जाणार असाल तर

जुनेजाणते ५-२-१ चा मंत्र देतात : दिवसाला किमान पाच तास झोप, दोन वेळचं जेवण, एक अंघोळ. पहिल्या रात्रीच तो मोडायला निघाल, कारण मध्यरात्रीनंतर कुठल्यातरी खोलीत गिटार निघते आणि अवकाशयानांवरची गाणी सुरू होतात. बिल्ल्याखाली रंगीत फितींची माळ वाढवत न्या. फीत मागणं हे ओळख काढायचं सगळ्यात सोपं निमित्त. मनात भरलेलं पुस्तक पहिल्याच दिवशी घ्या, शेवटच्या दिवशी ते नसतं. पोशाख केलेल्या माणसाला हात लावण्याआधी, फोटो काढण्याआधी विचारा. परत आल्यावर सर्दी-खोकला होईल, त्याचीही तयारी ठेवा.

आणि विमानाचं भाडं परवडत नसेल, तरी वर्ल्डकॉनचं न जाताही मिळणारं सभासदत्व घेता येतं. त्यात ह्यूगोसाठी नामांकन करण्याचा आणि मत देण्याचा पूर्ण हक्क असतो. बहुतेक वेळा नामांकित कथा-कादंबऱ्या मतदारांना वाचायलाही पाठवतात. सोलापुरात बसून वाचा, पसंतीक्रम लावा, आणि एकही कथा पटली नाही, तर ‘कुणालाच नको’ आहेच.