रीस्टार्ट बाकी आहे

सकाळी 8.50

आमच्या कॉलेजातली सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे एनसीसीचे बूट ठेवत. आता दोन सर्व्हर, एक यूपीएस आणि एक एसी आहे. शिपाईमामा अजूनही चपला बाहेर काढूनच झाडायला आत जातात. मी वर माझ्या टेबलावरून लॉगिन करतो आणि पडद्यावर उमटतं ते वाचतो. निदान वाचतो असं समजतो.

ग्रंथालयाचा सर्व्हर उबुंटू 22.04 वर चालतो. त्याचं स्वागत लांबलचक असतं. आधी डिस्क किती भरली, मेमरी किती लागते. मग उबुंटू प्रो सुरू केलेलं नाही, केलंत तर आणखी दुरुस्त्या मिळतील, ही सूचना. मग 24.04 ही नवी आवृत्ती आली आहे, ही वर्दी. आणि तळाला, दोन्ही बाजूंना तीन-तीन चांदण्या लावून: सिस्टिम रीस्टार्ट करणं आवश्यक.

त्या ओळीला आज 39 दिवस झाले. कर्नलच्या सुरक्षा-दुरुस्त्या उबुंटू आपोआप उतरवून घेतं, पण रीस्टार्ट मात्र आपण होऊन मारत नाही. तोवर डिस्कवर नवा कर्नल आणि चालू आहे तो जुना. नवं कुलूप बाजारातून आणून फडताळात ठेवलंय, दाराला अजून जुनंच. आधी प्रवेश चालू होते, मग अंतर्गत परीक्षा, मग नॅकच्या तयारीसाठी ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं. सगळी कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं हे की ती ओळ मला दिसेनाशी झाली होती. वरच्या ओळी रोज तिथे असतातच. त्यांच्यासोबत नजरेतून तीही गेली.

प्रोच्या ओळीबद्दल न्यायाने बोलायला हवं. उबुंटूच्या 'मेन' भांडारातली दोन-अडीच हजार पॅकेजेस कॅनॉनिकल कंपनी पाच वर्षं सांभाळते. 'युनिव्हर्स' भांडारात तेवीस हजारांवर पॅकेजेस आहेत आणि त्यांचा सांभाळ वर्षानुवर्षं स्वयंसेवकांच्या सवडीवर होता. प्रो घेतलं की त्यांनाही दुरुस्त्या मिळतात आणि मुदत दहा वर्षांवर जाते. वैयक्तिक वापराला पाच यंत्रांपर्यंत ते फुकट आहे. ऑक्टोबर 2022 पासून हा निरोप पॅकेज अद्ययावत करण्याच्या आज्ञेच्या उत्तरातही छापून येऊ लागला, आणि टर्मिनलमध्ये जाहिरात आली म्हणून बरेच जण चिडले. त्याआधी 2017 मध्ये तर याच स्वागताच्या मजकुरात एका अमेरिकी टीव्ही मालिकेतलं हॉटडॉग ओळखणारं ॲप कसं बनवलं, त्या लेखाचा दुवा झळकला होता. त्या मानाने प्रोची ओळ कामाची आहे. ती खोटी नाही, तिची भाषाही उद्धट नाही. फक्त ती 'घ्या ना' म्हणते, आणि तिच्या खालची 'दार उघडं आहे' म्हणते, आणि दोघींचा रंग, अक्षर, आवाज एकच.

सकाळी 10.20

ऑफिसातून भाऊसाहेबांचा फोन. "सर, कीबोर्ड गेला. टाइपच होत नाही."

कीबोर्ड ठणठणीत होता. शिष्यवृत्तीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये फक्त वाचनासाठी उघडली होती, कारण शेजारच्या टेबलावर ती आधीच उघडी होती. वर तशी पट्टीही आली असणार: कागदपत्र वाचनापुरतं उघडलं आहे, बदल करायचे तर इथे दाबा.

"भाऊसाहेब, वर एक पट्टी आली होती का?"

"आली होती की. बंद केली."

"काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही. पैसे मागत असणार."

यात भाऊसाहेबांची चूक मला काढवत नाही. लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की पट्टी येते: यात नवं काय आहे ते पाहा. अधूनमधून दुसरी येते: देणगी द्या. तिसरी: कामात सहभागी व्हा. तिन्ही याच जागी, याच आकारात. भाऊसाहेबांच्या हाताला त्या फुलीची जागा पाठ आहे. ती दाबायला डोळे लागत नाहीत. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचा तो हात, टपालावर शिक्का मारतो तितक्याच सहज पट्टी मारतो.

लिब्रेऑफिसवाल्यांची अडचण खरी आहे. 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले, बर्लिनमध्ये त्यांची डॉक्युमेंट फाउंडेशन आहे, पण कोडचा मोठा भाग काही कंपन्यांचे पगारी लोक लिहितात, आणि त्या कंपन्यांना पैसे देणारी गिऱ्हाइकं मोजकीच. म्हणून 2020 च्या जुलैत 7.0 च्या चाचणी आवृत्तीत 'पर्सनल एडिशन' असं लेबल लावून पाहिलं. हेतू हा की कार्यालयांनी ते वाचून जरा बुजावं आणि सशुल्क आवृत्तीकडे वळावं. गदारोळ झाला आणि अंतिम आवृत्तीत लेबल उतरलं. उतरलं नसतं तर आमच्या ऑफिसात काय झालं असतं? काहीच नाही. भाऊसाहेब 'पर्सनल'खाली बसून शिष्यवृत्तीच्या याद्या करत राहिले असते.

सकाळी 11.40

कॉलेजची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. तिच्या डॅशबोर्डवर आज सात पट्ट्या. एका प्लगिनला पाच तारे हवेत. एकाला प्रीमियम खपवायचंय, 'आज शेवटचा दिवस', जो गेल्या मार्चपासून उजाडतोय. एक म्हणतंय तुमची साइट नोंदवलेली नाही. एक नुसतंच मी आलोय असं सांगतंय. पाचवी पीएचपी जुनं झाल्याची, सहावी एका प्लगिनच्या सुरक्षा-दुरुस्तीची. सातवी परत तारे.

वर्डप्रेसने प्लगिनांना सूचना दाखवायची एकच सामायिक जागा ठेवलीय, आणि रंग प्लगिनने स्वतः निवडायचा. लाल म्हणजे चूक, पिवळा म्हणजे इशारा, निळा म्हणजे माहिती, हा संकेत आहे. पण पाळायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग सवलतीची जाहिरात पिवळ्यात येते. सार्वजनिक घोषणेचा माइक लग्नात पाहुण्यांच्या पोरांच्या हाती गेल्यावर जे होतं तेच. डॅशबोर्ड बळकावू नये, पट्टी बंद करता यावी, असा प्लगिन भांडाराचा नियम आहे. बंद करता येते. आठवड्याने परत येते.

याची किंमत आम्ही मोजलीय. दोन वर्षांपूर्वी एका फॉर्मच्या प्लगिनला भोक होतं, दुरुस्ती आलेली होती, तिची पट्टी चौथ्या की पाचव्या क्रमांकावर होती. मी एकगठ्ठा सगळ्या मिटवल्या. तीन आठवड्यांनी एका पालकाचा प्राचार्यांना फोन: गूगलवर कॉलेजचं नाव टाकलं की खाली सट्ट्याच्या जाहिराती का येतात? पुढचे चार दिवस मी त्या फायली उपसत होतो. तेव्हापासून प्लगिनं आपोआप अद्ययावत व्हायची सोय, जी 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून डॅशबोर्डवरच मिळते, ती चालू ठेवलीय, आणि सूचना मी खालून वर वाचतो. खालून वर वाचायची ही सवय ग्रंथालयाच्या सर्व्हरला मात्र लावली नव्हती, हे आज 39 दिवसांनी कळतंय.

दुपारी 1.30

डबा. भेंडी, आणि लॅब असिस्टंटकडचा ठेचा. त्याला एक्सस्क्रीनसेव्हरची गोष्ट सांगितली, कारण लॅबमधल्या एका जुन्या डेबियन लिनक्सवर तशीच घडलीय.

जेमी झविन्स्की हा नेटस्केपच्या सुरुवातीच्या काळातला प्रोग्रामर. हा स्क्रीनसेव्हर तो 1992 पासून लिहितोय. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पॅकेजं गोठवलेली असतात. नवी आवृत्ती आत घेत नाहीत, गंभीर दुरुस्ती तेवढी जुन्यातच टाकतात. म्हणून लोक जुन्या आवृत्तीतल्या, त्याने कधीच सोडवलेल्या तक्रारी त्यालाच पाठवत राहिले. वैतागून त्याने कोडमध्येच तारीख तपासून इशारा टाकून ठेवला: ही आवृत्ती फार जुनी आहे, अपग्रेड करा. 2016 मध्ये तो डेबियनवाल्यांच्या पडद्यांवर फुटला आणि मोठं भांडण झालं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर. मधे बसलेला माणूस तेवढा अडकला: त्याला अपग्रेड करायला सांगितलं जातंय, आणि त्याच्या भांडारात अपग्रेड नाहीच.

"म्हणजे आपल्यासारखंच," तो म्हणाला. "नोटीस आपल्याला, सही दुसऱ्याची." आणि उरलेला ठेचा माझ्या डब्यात वाढला.

दुपारी 2.45

तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. एका मुलीने एनपीएमने प्रोजेक्टची पॅकेजं उतरवली आणि हात वर केला. "सर, हे पैसे मागतंय का? 124 पॅकेजेस आर लुकिंग फॉर फंडिंग. भरावे लागतात का?"

"नाही. पण विचारलंस हे बरं केलंस." गेली चार वर्षं ती ओळ प्रत्येक मुलाच्या पडद्यावर येतेय, विचारणारी ही पहिलीच.

मग थोडं सांगितलं. आधी ही मागणी एवढी शिस्तीत नव्हती. 'कोर-जेएस' उतरवलं की त्याचा लेखक डेनिस पुश्कारेव याचा निरोप छापून यायचा: देणगी द्या, आणि हो, मी चांगली नोकरी शोधतोय. ("सर, म्हणजे हापण प्लेसमेंटलाच बसलाय," मागून एक आवाज.) ऑगस्ट 2019 मध्ये फेरॉस अबूखदिजे याने 'स्टँडर्ड' या पॅकेजसोबत टर्मिनलमध्ये चक्क प्रायोजकांच्या जाहिराती दाखवल्या. काही दिवसांत त्या मागे घ्याव्या लागल्या, आणि अशा जाहिरातींना एनपीएमने बंदी घातली. पण पैशाचा प्रश्न खराच होता, म्हणून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एनपीएमने 'फंड' ही आज्ञा आणली. आता शंभर जणांनी वेगवेगळं ओरडण्याऐवजी एकच ओळ येते आणि ज्याला पाहायचं तो यादी उघडून पाहतो.

तिने उघडली. यादी पडदाभर खाली खाली जात राहिली. "यातले किती जण एकटेच करतात?" मोजलं नाही, पण बरेच.

दुपारी 4.10

खरेदी समितीला टिपणी लिहायला घेतली. आमचा दुसरा सर्व्हर प्रॉक्समॉक्सवर आहे. व्हिएन्नाच्या कंपनीचं, एजीपीएल परवान्याचं, पूर्ण चालणारं सॉफ्टवेअर. लॉगिन केलं की एक चौकट येते: या सर्व्हरसाठी वैध सबस्क्रिप्शन नाही. ओके दाबायचं आणि कामाला लागायचं. ही चौकट घालवायच्या युक्त्या इंटरनेटवर ढीगभर. जावास्क्रिप्टच्या एका फाइलमधली अट उलटी करायची. पुढच्या अद्यतनात ती फाइल नव्याने येते आणि चौकट परत हजर. मीही दोन वर्षं ती काढत होतो. मग सोडून दिलं. एवढं राबवून घ्यायचं आणि त्याने दारात एकदा तोंड उघडलं तर तेही बांधायचं, हे बरं वाटेना.

पण चौकट दिसते मला, आणि चेकवर सही करणाऱ्या कोणालाच ती दिसत नाही. अध्यक्षांनी ती पाहिलेली नाही, लेखापालांनी नाही. शिवाय शब्दाचा फरक. लिब्रेऑफिसला 'देणगी' द्या म्हटलं की लेखापाल विचारणार, देणगी आपण घेतो, देतो कधीपासून? कुठल्या शीर्षाखाली टाकू? ऑडिटला काय दाखवू? 'सबस्क्रिप्शन'ला बिल असतं, मुदत असते, दर सॉकेटमागे भाव असतो. ते वार्षिक देखभाल करारात बसतं. तरी तीन दरपत्रकं कुठून आणायची हा प्रश्न राहतोच, विकणारा एकच असताना. आणि बिल युरोत.

केडीई या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांनी 2024 च्या प्लाझ्मा 6.2 पासून ठेवलेली पद्धत मला सगळ्यांत सभ्य वाटते: वर्षातून एकदा, डिसेंबरात, कोपऱ्यात देणगीची एक सूचना, मग वर्षभर शांत. माझ्या घरच्या लॅपटॉपवर आली तेव्हा मी दिले पैसे. किती ते सांगत नाही. पण घरी मीच वापरणारा, मीच खरेदी समिती.

टिपणीत शेवटी त्या चौकटीचं छायाचित्र चिकटवलं. निदान कागदावर तरी समितीला ती दिसेल.

संध्याकाळी 6.05

ग्रंथालय आज सहालाच बंद, मी सकाळीच ग्रंथपाल मॅडमना विनवलं होतं. त्या परतीच्या पुस्तकांच्या शेवटच्या नोंदी कोहात करत होत्या.

कोहा 1999 मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं. जुनी प्रणाली 2000 साल ओलांडणार नव्हती म्हणून. कोहा हा माओरी शब्द आहे. अर्थ देणगी, पण अशी, जिची परतफेड मनात धरलेली असते.

"म्हणजे आहेर," मॅडम म्हणाल्या.

मला इतकी वर्षं हा शब्द सुचला नव्हता. आहेराची वही असते, आणि आपल्याकडे कार्य निघालं की लोक ती काढून बसतात.

"मग आपण काय दिलं त्यांना?"

वापराची आकडेवारी कळवायची सोय कोहात आहे, ती चालू करायला काही लागत नाही, तीही आपण केलेली नाही, असं मी कबूल केलं. मॅडमनी तिथल्या तिथे करायला लावली. पैसे नाहीत, पण कोहा वापरणाऱ्या ग्रंथालयांत एका तालुक्याच्या कॉलेजची भर.

रीस्टार्टआधी बॅकअपची वेळ बदलायची म्हणून विम हा एडिटर उघडला, घाईत फाइलचं नाव न देता. रिकाम्या पडद्यावर तो नेहमीचा मजकूर: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. ब्रॅम मूलेनार याने विम 1991 मध्ये दिला आणि स्वतःसाठी मागण्याऐवजी किबाले गावातल्या मुलांसाठी मागितलं. 3 ऑगस्ट 2023 ला तो गेला. आमच्या सर्व्हरवरच्या आवृत्तीत ती ओळ तशीच आहे. टाइप करायला लागलं की ती आपसूक पुसली जाते, फुली शोधावी लागत नाही.

6.20 ला रीस्टार्ट दिला. पिंग थांबलं. अशा वेळी मी जिन्याखाली जाऊन उभा राहतो. उपयोग काही नसतो. मामा बाहेर चपला काढून वाट पाहत होते. दीड मिनिटाने पंखे एकदम ओरडले, मग शांत झाले, आणि हातातल्या लॅपटॉपवर पिंगच्या ओळी परत पडू लागल्या.

लॉगिन केलं. डिस्क, मेमरी, प्रो, नवी आवृत्ती. चांदण्यांची ओळ गेली होती. मॅडमनी वरून विचारलं, "झालं का?"

"झालं. एकदा कोहा उघडून बघा."

उघडलं. मामांनी एसीची कळ तपासली आणि कुलूप लावलं.