फिनाईल फाटलं त्याची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाचं पांढरं फिनाईल फाटलं. टँकर आला नाही म्हणून बोअरचं पाणी वापरलं. संध्याकाळी दुधासारखं दिसत होतं. सकाळी बघतो तर वर तेल, खाली गढूळ पाणी. घाबरून आणखी साबण ओतला, तर गुठळ्याच झाल्या. सगळा माल गेला. पुढे कारण शोधताना कळलं, की आमचं जे नुकसान झालं, तेच मुद्दाम घडवून आणायला तेलविहिरीवर पैसे मोजतात!

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात मुंबई हाय आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम मंचावरून तिथं तेल सापडलं, १९७६ पासून ते काढू लागले. समुद्राखालच्या नळातून ते उरणला येतं. पण विहिरीतून नुसतं तेल येत नाही. वायू येतो, खारं पाणी येतं, आणि विहीर जुनी होईल तसं पाणी वाढत जातं. झडपांतून, पंपांतून येताना सगळं घुसळून निघतं. पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकतात. कच्च्या तेलातले डांबरासारखे पदार्थ आणि मेण त्या थेंबांवर सायीसारखे चिकटतात. मग दोन थेंब शेजारी आले तरी एक होत नाहीत. आमच्या फिनाईलमध्ये उलट, पाण्यात तेलाचे थेंब आणि साय साबणाची. बाकी खेळ तोच.

ही साय फोडायला तिथं एक रसायन घालतात, लाख लिटरमागे थोडेसेच लिटर. ते सायीत शिरून तिला विरळ करतं. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि जड पाणी तळाला बसतं. तेल तापवलं तर काम लवकर होतं. पण हे रसायन साबणाच्याच जातीचं. जास्त पडलं तर तेच थेंबांना धरून ठेवतं. नळ गंजू नयेत म्हणून घातलेलं दुसरं औषधही कधीकधी तेल-पाणी घट्ट बांधून टाकतं. एकाचं औषध दुसऱ्याचा आजार! आणि हे निस्तरावंच लागतं. खारं पाणी तेलात राहिलं तर नळ आणि पुढची यंत्रं खातं. तेल पाण्यात राहिलं तर ते कोळ्यांच्या समुद्रात जातं.

म्हणून तिथले लोक आधी बाटल्यांत करून बघतात. प्रत्येक बाटलीत विहिरीचं तेच तेल, औषधाचं माप मात्र वेगळं. हलवून ठेवायचं आणि किती वेळात किती पाणी खाली बसतं ते बघायचं.

आमच्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी साबणच धरून टाकला होता, थेंबांवर साय उरलीच नाही. आता पाणी बदललं की आम्हीही आधी पाच छोट्या बाटल्या भरतो, प्रत्येकीवर माप लिहितो आणि रात्रभर खिडकीत ठेवतो. सकाळी जिच्यात थर दिसत नाही, त्या मापानंच पिंप भरायचा. पाचही फाटल्या, तर त्या दिवशी फिनाईल नाही. टँकरची वाट बघायची.