सही माझी, कारभार कोणाचा?

संध्याकाळच्या भाकरी थापत होते. लेक ओट्याजवळ पाटावर बसून मोठ्यानं वाचत होती. स्पर्धा परीक्षेचा तिचा अभ्यास असाच चालतो. तिनं वाचायचं आणि मी ऐकायचं. निम्मं मला कळतं, निम्मं भाकरीबरोबर भाजून जातं! त्या दिवशी विषय होता प्राचीन ग्रीसमधल्या नगरराज्यांचा. आधी राजा, मग मोठ्या घराण्यांचा कारभार, मग कुणा एकानं बळकावलेली सत्ता आणि शेवटी अथेन्समधली लोकशाही.

"याडी, हे तर आपल्या तांड्यासारखंच आहे की!" ती म्हणाली. (आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात.) मग जरा थांबून तिनं विचारलं, "पण यात बाया कुठं आहेत गं?"

माझा हात परातीतच थांबला. हाच प्रश्न मला एकदा वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता. विचारणारीच्या डोक्यावर रिकामा हंडा होता. ते पुढे सांगतेच.

आमचा तांडा पोहरादेवीजवळचा. वाशीम जिल्ह्यातलं, मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे. रामनवमीला देशभरातून माणसं येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इथं नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय सुरू झालं. नगाराच का? तर आमच्याकडे नगारा वाजला की तांडा जमतो, म्हणून.

तांडा जमला की मधे नायक बसायचा. शेजारी कारभारी, भोवती जाणती माणसं. भांडण, सोयरीक, देणंघेणं, सगळ्याचा निवाडा तिथंच. त्याला 'नसाब' म्हणतात. नायकी बहुधा बापाकडून लेकाकडे जायची. माझे सासरे आमच्या तांड्याचे नायक. सासूबाईंना सगळे 'नायकण' म्हणत, पण नसाबीत त्यांना जागा नव्हती. त्या दाराआड बसून ऐकायच्या. रात्री जेवण वाढताना सासऱ्यांना दोन शब्द सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या निवाड्यात कधी कधी ते दोन शब्द जसेच्या तसे निघायचे! सासूबाई हे सांगताना गालात हसायच्या. मला मात्र वाटायचं, शब्द यांचे, आवाज दुसऱ्याचा.

लेकीचं पुस्तक मी मग स्वतःच वाचून काढलं. अथेन्समध्येही सुरुवातीला राजे होते असं परंपरा सांगते. पुढे जमीनदार घराण्यांनी कारभार वाटून घेतला. शेतकरी कर्जात इतके बुडाले की फेड झाली नाही तर माणूसच गुलाम म्हणून विकला जाई. आपल्या विदर्भातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. इ.स.पूर्व ५९४ मध्ये सोलोन नावाच्या माणसाच्या हाती कारभार आला. त्यानं ती कर्जं मोडून काढली आणि माणूस तारण ठेवून कर्ज देणं बंद केलं. त्या सुधारणेचं नावच होतं 'ओझं उतरवणं'. पुढे पिसिस्ट्रेटस यानं आणि त्याच्या मुलांनी एकहाती सत्ता चालवली. ते गेल्यावर इ.स.पूर्व ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसनं नवी घडी बसवली. घराणं बाजूला ठेवून माणसाची नोंद त्याच्या गावावरून करायची. 'डेमोस' म्हणजे लोक, आणि गावालाही तोच शब्द! प्रत्येक गावाची सभा आणि एक मुखिया. आपली ग्रामसभा आणि आपला सरपंचच म्हणा ना.

पाचशे जणांचं एक मंडळ रोजचा कारभार बघायचं. ते मतदानानं नाही, चिठ्ठ्या टाकून निवडलं जायचं. मुदत एक वर्ष आणि जन्मात जास्तीत जास्त दोनदा संधी. म्हणजे नायकी एका घरात मुरायला जागाच नको. आपल्याकडेही सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. तहसीलला भांड्यात चिठ्ठ्या टाकतात आणि एखाद्या लहान पोराकडून त्या काढून घेतात. फरक इतकाच की आपल्याकडे चिठ्ठी फक्त जागा कुणासाठी ते ठरवते, माणूस मतानंच निवडायचा.

आणखी एक गंमत. फार शिरजोर झालेल्या पुढाऱ्याचं नाव अथेन्सचे लोक मडक्याच्या खापरावर कोरायचे. सहा हजार खापरं जमली की ज्याचं नाव सगळ्यात जास्त, त्यानं दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. त्याची जमीनजुमला मात्र त्याचीच राहायची. आपण नुसतं दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतो, ते त्यावर नाव लिहीत! आपल्या जातपंचायतींनीही माणसांना वाळीत टाकलं, पण तिथं सहा हजार मतं लागत नसत, चार जणांचा शब्द पुरायचा. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा कायदा झाला आणि २०१७ पासून तो लागू आहे. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी तरी म्हणणार नाही.

आता लेकीचा प्रश्न. बाया कुठं होत्या? अथेन्सच्या सभेत नव्हत्याच. गुलाम नव्हते, बाहेरून येऊन राहिलेले नव्हते आणि नागरिकांच्या लेकी-सुनाही नव्हत्या. बायकांचा एक सण मात्र असे, देमेतर या धान्यदेवीचा. तो चालवणाऱ्या प्रमुख बायका गावातल्या बायकाच निवडत. मला आमची तीज आठवली. टोपल्यांमध्ये गहू पेरतात, पोरी नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. सगळा थाट पोरींचा, पण परवानगी नायकाची. म्हणजे इकडं काय अन् तिकडं काय, देवाचं काम बायकांकडं आणि गावाचं काम पुरुषांकडं! गंमत बघा, ज्या ग्रीसनं लोकशाही हा शब्द दिला, तिथं बायकांना संसदेसाठी मताचा हक्क १९५२ मध्ये मिळाला. आपल्या आज्यांनी तर १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मत दिलं होतं.

आपल्याकडची घडी कुणी बसवली, तेही सांगायला हवं. इथून जवळच, पुसद तालुक्यात गहुली आहे. तिथल्या तांड्याच्या नायकाच्या घरात वसंतराव नाईक जन्मले. १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढे १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. नायकी वारशानं चालणाऱ्या घरातल्या मुलानं मतांवर चालणारा कारभार गावोगावी नेला, याचा आम्हाला फार अभिमान. मग १९९३ मध्ये घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. सरपंच थेट लोकांमधून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. ग्रीसला जायला नको, एका बाईच्या आयुष्यात इतके बदल!

२०१५ मध्ये आमच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी सुटली आणि मी निवडून आले. आमचा तांडा आणि शेजारचं गाव मिळून एकच ग्रामपंचायत. गुलाल उधळला, हार गळ्यात पडले... पण हार आमच्या ह्यांच्या गळ्यात! सभेला तेच जायचे. रजिस्टर घरी यायचं. मी पिठाचा हात पदराला पुसून सही करायची. वर्षभर असंच चाललं.

मग एका उन्हाळ्यात तांड्यातल्या चार जणी दारात आल्या. डोक्यावर रिकामे हंडे. त्यातली एक म्हणाली, "काहून वं, तुले आम्ही मत देल्लं ना? मग आपली पाइपलाइन गावात गेली तवा तू कुठं होतीस?" मी म्हटलं, मला काहीच माहीत नाही. ती म्हणाली, "सही तुहीच हाये."

सही माझीच होती. तांड्यासाठी ठरलेली पाइपलाइन आधी गावात न्यायचा ठराव होता, आणि मी तो न वाचताच सही केली होती. दोष कुणाला देऊ? आमच्या ह्यांनाही तो ठराव धड वाचून दाखवला गेला नव्हता. पण त्यांनी तरी जायचं कशाला आणि मी थांबायचं कशाला?

पुढच्या मासिक सभेला मी स्वतः गेले. खुर्चीवर बसताना पाय लटपटत होते. कुणीतरी हसून म्हणालं, "वहिनी, तुम्ही कशाला तसदी घेतली?" मी म्हटलं, "आधीचा ठराव वाचून दाखवा." दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा वाचला. मग आम्ही बायकांनी महिला ग्रामसभेत तांड्याच्या पाण्याचा विषय घेतला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. पण २६ जानेवारीच्या सभेला निम्मा तांडा ऊसतोडीला गेलेला. अथेन्समध्ये गरिबालाही येता यावं म्हणून पुढे सभेला येणाऱ्याला पैसे देऊ लागले होते. आमच्याकडे सभेला बसलं की त्या दिवसाची मजुरी बुडते! म्हणून आम्ही १ मेच्या सभेची वाट बघितली आणि ऊसतोडीहून परतलेल्या बाया घेऊन गेलो. नळ आला, पण दोन उन्हाळ्यांनी, आणि तोही तांड्याच्या अर्ध्या भागातच. उरलेल्या भागासाठी अजून भांडतोय. माझी मुदत संपली, पुढच्या वेळी आरक्षण बदललं, पण ग्रामसभेला जायला कुठलं आरक्षण लागतं?

सासूबाईंच्या काळात बाईचा शब्द पुरुषाच्या तोंडून निघायचा. माझ्या पहिल्या वर्षात पुरुषाचा शब्द बाईच्या सहीतून निघत होता. राज्यपद्धत बदलली, दाराआडची बाई मात्र तिथंच राहिली होती.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच सांगते. रजिस्टर घरी आलं तर परत पाठवा आणि म्हणा, सभेतच सही करीन. ठराव वाचता येत नसेल तर लेकीला सोबत न्या. आमच्या ह्यांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. आता सभेच्या दिवशी कुकर तेच लावतात!

त्या संध्याकाळी लेकीला मी ही सगळी हकीकत सांगितली. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, "याडी, हे परीक्षेत नाही येणार." नसेल येत. पण पुढच्या ग्रामसभेला ती माझ्याबरोबर येणार आहे. तुमच्या गावच्या सभेत बाया कुठं बसतात, जरा बघून या.