स्वस्त तिकीट आम्हाला महाग पडलं

आमचा पहिला नातू जन्मला तेव्हा आम्ही दोघं दिल्लीच्या विमानतळावर खुर्च्यांवर बसून होतो. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, समोर ट्रॉलीवर चार बॅगा आणि काचेबाहेर धुकं. जावयांनी फोनवर बाळ दाखवलं. इवलीशी मूठ आणि भरपूर जावळ. फोन ठेवल्यावर हे हळूच म्हणाले, "किती वाचले होते गं आपले?"

वाचले होते चौदा हजार. लेक न्यू जर्सीला असते. इंदूर ते दिल्ली एका कंपनीचं तिकीट आणि दिल्लीहून आखातातल्या एका शहरामार्गे न्यूयॉर्क हे दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं तर दोघांचे मिळून चौदा हजार कमी पडत होते. हे बँकेतून निवृत्त झालेले, रोजचा हिशेब डायरीत लिहिणारे. आम्ही खूश होतो. पण महिना होता जानेवारीचा. दिल्लीच्या धुक्यामुळे इंदूरचं विमान पाच तास उशिरा सुटलं. दिल्लीत उतरून, सामान घेऊन दुसऱ्या काउंटरवर धावलो तोवर तो बंद झालेला. त्या कंपनीच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो. पहिल्या विमानाला उशीर झाला, हा त्यांचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं सत्तर हजार जास्त देऊन घेतली. लेकीच्या तारखेला अजून आठवडा होता, पण बाळाला घाई झाली. आम्ही पोचलो तेव्हा नातू दीड दिवसाचा होता, आणि ह्यांचे पाय इतके सुजले होते की बुटात मावेनात.

गेल्या सप्टेंबरात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी पुन्हा निघालो. मधल्या काळात ह्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह तर आधीपासून आहेच. या वेळी ठरवलं की पैसे वाचवायचे, पण कुठे वाचवायचे ते आधी नीट बघायचं. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतून मुलं परदेशात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तिकीट एकच हवं

इंदूरपासून शेवटच्या विमानतळापर्यंत सगळा प्रवास एका तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग मधलं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळी तिकिटं असली की मधल्या शहरात सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि ते शहर परदेशातलं असेल तर त्यासाठी तिथला व्हिसाही लागू शकतो. सामान थेट शेवटपर्यंत जाणार का, हे इंदूरच्या काउंटरवरच विचारा आणि बॅगेच्या चिठ्ठीवर गाव बघून घ्या. मात्र अमेरिकेत शिरल्यावर पुढे आणखी एक विमान असेल, तर पहिल्या विमानतळावर सामान स्वतः घेऊन कस्टममधून काढावं लागतं, हे धरून चाला.

दोन विमानांमध्ये आम्ही चार तास ठेवले. दीड तासात गुडघ्यांची परीक्षा होते आणि आठ-नऊ तासांत माणूस बसूनच थकतो.

भाडं वाचतं ते महिना निवडून. मे-जून आणि डिसेंबरात सगळेच निघतात. फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या वारी बघितलं तर बहुधा बराच फरक पडतो. चार ठिकाणी भाव बघा, पण तिकीट शक्यतो कंपनीकडून थेट किंवा ओळखीच्या एजंटकडून घ्या. तारीख बदलायची वेळ आली की कंपनी बहुतेकदा "जिथून घेतलं तिथे विचारा" म्हणते.

आणि नाव! तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच हवं. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि आधारवरचं तिसरंच, असा आपल्याकडे बायकांचा घोळ असतो. पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा.

खुर्ची कुठली

बोइंग 777 मध्ये साध्या वर्गात बहुधा 3-4-3 अशा खुर्च्या असतात, तर 787 मध्ये 3-3-3. जोडप्यासाठी मला 777 मधल्या मधल्या चारांपैकी कडेच्या दोन आवडल्या. ह्यांना कडेची, मला शेजारची. पलीकडच्या दोघांना त्यांची वाट वेगळी, त्यामुळे आपल्याला ओलांडून कुणी जात नाही, आणि मला उठायचं झालं तर उठवायचं ते घरच्याच माणसाला! अगदी स्वच्छतागृहाजवळची रांग टाळा. रात्रभर वर्दळ असते. खुर्ची निवडायचे पैसे आम्ही फक्त लांबच्या टप्प्यासाठी भरले. इंदूर-दिल्ली दीड तासासाठी मिळेल ती खुर्ची चालते.

चालायला त्रास असेल तर व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा. मोठ्या विमानतळांवर चालणं फार असतं. गुडघा धातूचा असेल तर तपासणीच्या दारातून जाण्याआधीच सांगा.

शरीराचं गणित

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. आपली पचमढी आहे साधारण साडेतीन हजार फुटांवर. म्हणजे बारा-चौदा तास पचमढीच्या दुप्पट उंचीवर बसायचं. तिथे पोटातला वायू फुगतो. म्हणून आदल्या दिवशी छोले-राजमा नको, आणि कपडे कमरेला सैल हवेत. हवाही फार कोरडी असते, तेव्हा तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्या. स्वच्छतागृहात जावं लागतं म्हणून पाणी कमी पिणं ही आपल्या वयाच्या बायकांची मोठी चूक. जाण्यायेण्यानं पाय तरी मोकळे होतात.

खूप वेळ हालचाल न करता बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि नुकती शस्त्रक्रिया झालेली असेल तर जास्तच. आम्ही डॉक्टरांना विचारून ह्यांच्यासाठी घट्ट पायमोजे घेतले. तासा-दीड तासानं एक फेरी आणि बसल्या जागी घोटे फिरवणं. या वेळी उतरताना बूट सहज चढले.

जेवणाची नोंद एक-दोन दिवस आधी करावी लागते. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात मांस असू शकतं. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा जैन जेवण मागा. शिवाय दशम्या आणि कोरडी चटणी जवळ असू द्या. मधुमेह्यानं ट्रॉली येईपर्यंत ताटकळू नये. गोळ्यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे कशा बदलायच्या, ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बॅगेत काय, कुठे

सगळी औषधं, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवू नका, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. पॉवर बँकही हातातच ठेवायची. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका! तेलकट खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. पहिल्या खेपेला माझी बॅग इंदूरलाच उघडायला लावली होती. या वेळी एडिसनच्या ओक ट्री रोडवर खोबरं घेतलं आणि लाडू तिथेच वळले. ताजी फळं, कढीपत्ता, बी-बियाणं अमेरिकेत चालत नाही. बाकी खाण्याचं जे असेल ते कस्टमला सरळ सांगा. सांगितल्याचा दंड होत नाही, लपवल्याचा होतो.

विमा मात्र स्वस्तातला बघू नका. असलेले आजार त्यात लिहा आणि त्यांच्यासाठी काय मिळतं ते वाचून घ्या. तिथला दवाखान्याचा खर्च आपल्या निवृत्तिवेतनाला झेपणारा नाही.

या वेळी सगळं धरून सर्वांत स्वस्त पर्यायापेक्षा एकोणीस हजार जास्त गेले. ह्यांनी ते डायरीत लिहिले. तारखेच्या तीन आठवडे आधी पोचलो. नात झाली त्या पहाटे मी नातवाला कुशीत घेऊन घरी होते आणि हे लेकीच्या दवाखान्यात जावयांबरोबर. बाळाला पहिल्यांदा ह्यांनी घेतलं, मग मला फोन केला. चौदा हजारांचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघालेला नाही.

तुमच्यापैकी कुणी निघणार असेल तर तिकीट काढण्याआधी घरी या. पोहे खाता खाता बघू.